बेब रूथने न केलेली सही

आमच्या थोरल्या मामांना कर्करोग झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त मामांना. फाइल मामीच्या कपाटात साड्यांच्या खाली असे, आणि गाठीला आम्ही सूज म्हणत असू. आजार यकृतापर्यंत पोचला तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीची गोष्ट काढली. मराठीत छापलेला एक जाडसर कागदांचा जुडगा हातात ठेवला आणि सांगितले, की हे रुग्णाने स्वतः वाचायचे, समजून घ्यायचे आणि मगच सही करायची. आमचे धाबेच दणाणले. सही घ्यायची तर आजाराचे नाव सांगावे लागणार! त्या रात्री मामा झोपल्यावर स्वयंपाकघरात जो खल झाला, त्यात मला राहून राहून एक माणूस आठवत होता. बेब रूथ!

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा अमेरिकी चुलतभाऊ. त्यातला होम रन म्हणजे आपला षटकारच समजा. आणि या षटकारांचा अनभिषिक्त सम्राट म्हणजे बेब रूथ. ६ फेब्रुवारी १८९५ रोजी बाल्टिमोर शहरात जन्मलेल्या या मुलाचे खरे नाव जॉर्ज हर्मन रूथ. बापाचा दारूचा गुत्ता, पोर दिवसभर रस्त्यावर. सातव्या वर्षी त्याला सेंट मेरीज नावाच्या मुलांच्या सुधारगृहात धाडण्यात आले. तिथे त्याला शर्ट शिवायला शिकवले आणि ब्रदर मथायस या धिप्पाड धर्मबंधूने बॅट धरायला. १९१४ साली तो व्यावसायिक संघात दाखल झाला. बोस्टनच्या संघाने त्याला गोलंदाज म्हणून नावारूपाला आणले आणि नंतर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला एक लाख डॉलरला विकून टाकले. बोस्टनकर पुढे कित्येक पिढ्या या व्यवहाराबद्दल हळहळत राहिले. १९२७ च्या एका मोसमात त्याने ६० होम रन मारले. कारकिर्दीतले त्याचे ७१४ होम रन ओलांडायला १९७४ साल उजाडावे लागले.

खाणे, पिणे, सिगार, उधळपट्टी सगळेच दांडगे. पण सुधारगृहात वाढलेल्या या माणसाला पोरांचा लळा विलक्षण. इस्पितळातल्या आजारी मुलांना तो आवर्जून भेटायला जाई. चेंडूंवर सह्या किती केल्या असतील, त्याची गणती नाही. आज त्या एकेका चेंडूला मोठमोठ्या बोली लागतात.

१९४६ च्या शरद ऋतूत डाव्या डोळ्याच्या वर ठणका लागला. आवाज घोगरा झाला, मग घास गिळता येईना. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फ्रेंच हॉस्पिटलात तो दाखल झाला. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या पोकळीत गाठ होती. ती मानेकडे पसरली होती. क्ष-किरणांचे उपचार झाले, शस्त्रक्रिया झाली. गाठ मात्र पुरती निघण्यासारखी नव्हती. फेब्रुवारीत घरी आला तेव्हा हा अगडबंब गडी निम्मा उरला होता. २७ एप्रिल १९४७ रोजी यांकी स्टेडियमवर त्याचा सत्कार झाला. जमलेल्या हजारोंनी त्याचे भाषण ऐकले. पण तो आवाज ओळखू येत नव्हता.

घरच्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवून टाकले होते, की त्याच्यापुढे कर्करोग हा शब्द काढायचा नाही. तेव्हाच्या अमेरिकेत ही सर्रास रीत होती. आमच्या मामींचे साड्यांचे कपाट तिथेही होतेच म्हणायचे!

आता या कथेत एक भारतीय माणूस येतो. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमला १२ जानेवारी १८९५ रोजी, म्हणजे रूथच्या आधी महिनाभरही नाही, त्यांचा जन्म झाला. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना ते खादी वापरत, त्याची किंमत त्यांना पदवीत मोजावी लागली. १९२३ मध्ये ते बोस्टनला हार्वर्डमध्ये पोचले. स्नायूंच्या ऊर्जेविषयी मोलाचे संशोधन करूनही तिथे कायमची जागा मिळाली नाही, तेव्हा १९४० साली ते न्यूयॉर्कच्या उत्तरेला पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या बनवले आणि मग त्याच कुळातली एकामागून एक रसायने तयार केली. त्यांतलेच एक टेरोप्टेरिन.

माउंट सायनाय हॉस्पिटलातले डॉ. रिचर्ड लुइसोन या कुळातल्या द्रव्यांचे प्रयोग उंदरांच्या गाठींवर करत होते. बाटलीतले रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट किती घालावे, हे १९१५ साली दाखवून देणारे तेच हे लुइसोन. माणसांना टेरोप्टेरिन देणे नुकतेच कुठे सुरू झाले होते. गुण येईल की अपाय होईल, छातीठोक कोणीच सांगू शकत नव्हते. रूथला विचारले गेले आणि तो तयार झाला. २९ जून १९४७ पासून रोज एक इंजेक्शन, असे सहा आठवडे चालले.

आपल्याला नेमके काय झाले आहे हे त्याला किती कळले होते, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. पण औषध नवे आहे, धोका आहे, हे त्याला माहीत होते. या प्रयोगातून चांगले-वाईट जे काही कळेल ते डॉक्टरांच्या आणि आपल्यासारख्याच दुखणेकऱ्यांच्या उपयोगी पडेल, अशा अर्थाचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. सह्यांसाठी ज्याला लोक रस्त्यात अडवत, त्याच्यापुढे संमतीचा कागद मात्र कोणी ठेवला नाही. तशी पद्धतच नव्हती.

आणि योगायोग पाहा! त्याची इंजेक्शने संपल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९४७ मध्ये, जर्मनीत न्यूरेंबर्ग इथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. छळछावण्यांत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा हिशेब तिथे मांडला गेला होता. त्या निकालातच माणसांवरील प्रयोगांची दहा कलमी संहिता आली. तिचे पहिलेच कलम असे, की ज्याच्यावर प्रयोग व्हायचा त्याची स्वखुशीची, सर्व जाणून दिलेली संमती हवीच.

रूथला गुण आला. मानेतल्या गाठी विरल्या, दुखणे कमी झाले, वजन वाढले, घास उतरू लागला. सप्टेंबरात सेंट लुइसच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत लुइसोन यांच्या गटाने ही हकिगत रुग्णाचे नाव न घेता मांडली. पण सुधारणा टिकली नाही. १३ जून १९४८ रोजी बॅटचा काठीसारखा आधार घेऊन तो शेवटचा यांकी स्टेडियमवर उभा राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेमोरियल हॉस्पिटलात आणले, तेव्हा कर्करोगाच्या या इस्पितळात मला का आणले, असे त्याने डॉक्टरांना विचारल्याचे सांगतात. १६ ऑगस्ट १९४८ रोजी तो गेला. वय अवघे ५३. त्याच्या आठवडाभर आधीच सुब्बारावही झोपेत हृदयविकाराने गेले होते. एकाच वर्षी जन्मलेली, एकाच महिन्यात मावळलेली ही दोन आयुष्ये!

मग त्या इंजेक्शनांनी काय साधले? टेरोप्टेरिन टिकले नाही. पण बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले, की रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक अॅसिडच्या कुळातली द्रव्ये दिली की आजार उलट बळावतो. मग फॉलिक अॅसिडला अडवणारे औषध का देऊ नये? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने ते पुरवले. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० जणांत तात्पुरती का होईना, सुधारणा होती. त्याच वाटेवरचे मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. आणि रूथला झाला तसा नाकामागचा कर्करोग पसरलेला असेल, तर किरणोपचार आणि औषधे यांची जोड देणे आता नेहमीचे झाले आहे.

हे सगळे त्या रात्री मी मामीला सांगितले. आणखीही सांगितले, की चाचणी म्हणजे हमखास इलाज नव्हे. पहिल्या टप्प्यात तर औषधाची मात्रा किती सोसते, हेच मुख्यतः पाहतात. भारतातल्या २०१९ च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची परवानगी लागते; चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते; आणि सही केल्यावरही रुग्णाला केव्हाही बाहेर पडता येते. पण यातले काहीही मामांच्या आजाराचे नाव न सांगता त्यांना समजावता येणार नव्हते.

सकाळी मामीनेच सांगितले. मामा थोडा वेळ गप्प बसले, मग आपल्याला केव्हाच कळले होते म्हणाले. आमचा चेहरा पडू नये म्हणून तेच इतके दिवस गप्प होते! दोन दिवस त्यांनी तो जुडगा वाचला. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. बरा होईन का, मुंबईला किती खेपा घालाव्या लागतील, आणि नाही म्हटले तर दुखण्यावरची औषधे मिळत राहतील ना. डॉक्टरांनी तिन्हींची उत्तरे सरळ दिली. मामांनी नकार दिला आणि ते गावी निघून गेले. त्या वर्षीचे आंबे त्यांनी खाल्ले.

मला तेव्हा राग आला होता. रूथने हो म्हटले म्हणून पुढच्या कितीकांना वाट मिळाली, मग मामांनी का नाही, असे वाटे. आज वाटत नाही. हो म्हणायला मोल येते, ते नाही म्हणता येत असेल तरच.

मामा गेल्यावर तो जुडगा हाती लागला. शेवटच्या पानावरची सहीची जागा कोरी होती. पण मामा जन्मभर शाळामास्तर. प्रत्येक पानाच्या कडेला लाल शाईची बारीक खूण होती, वह्या तपासताना करायचे तशी.