रायपूर, नागपूर, लंडन ते भोपाळ : नाच्याच्या कलावंतांना जगापुढे नेणारे हबीब तन्वीर

गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे टाकत डोंगरगडला पोहोचते आणि भाषा बदलते. मराठी संपून छत्तीसगडी सुरू होते. पण रात्री गावात जो खेळ रंगतो, तो फारसा बदलत नाही. इकडे झाडीपट्टीत खडी गंमत आणि दंडार, तिकडे नाचा. पुरुषच बाईचा वेष घेणार, विनोदी सोंगाड्या सावकाराची आणि पुढाऱ्याची टर उडवणार, लोक पहाट होईपर्यंत जागेवरून हलणार नाहीत. राजनांदगाव भागातल्या या नाच्याच्या कलावंतांना थेट एडिनबर्गच्या महोत्सवात उभं करणारा माणूस म्हणजे हबीब तन्वीर. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी भोपाळमध्ये काढली आणि 8 जून 2009 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांचं मूळ नाव हबीब अहमद खान. जन्म 1 सप्टेंबर 1923, रायपूरचा. वडील पेशावरकडून आलेले. 'तन्वीर' हे शायरीसाठी घेतलेलं टोपणनाव, तेच पुढे आडनाव होऊन बसलं. तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. रायपूरचा हुशार मुलगा पुढच्या शिक्षणाला नागपूरला जायचा, तसे तेही गेले. 1944 मध्ये मॉरिस कॉलेजातून बी.ए. झाले. पुढे अलिगढला एम.ए.साठी नाव घातलं, पण मन तिथे रमलं नाही.

1945 मध्ये त्यांनी मुंबई गाठली. आकाशवाणीवर काम मिळालं, सिनेमाची परीक्षणं लिहिली, गाणी लिहिली, छोट्या भूमिका केल्या. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'राही'त ते दिसले. पण खरी शाळा ठरली 'इप्टा'. याच चळवळीत मराठीच्या बाजूने अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख होते, तमाशा आणि पोवाडा कामगारांच्या सभेत आणत होते. एका तालमीत तन्वीर यांना रडण्याचा प्रसंग काही केल्या जमेना. दिग्दर्शक होते बलराज साहनी. त्यांनी सगळ्यांदेखत सणसणीत थोबाडीत मारली. डोळ्यांत पाणी आलं आणि तो प्रसंग जमला. शरीर जे शिकतं ते विसरत नाही, हा धडा पुढे उभ्या आयुष्यात त्यांना पुरला. आजच्या काळात असा धडा कुणी द्यायला जाऊ नये, ही गोष्ट वेगळी.

सिनेमात जम बसत असताना त्यांनी मुंबई सोडली. लोकांना हा वेडेपणा वाटला असणार. 1954 मध्ये दिल्लीत 'आग्रा बाजार' उभं राहिलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला नझीर अकबराबादी हा सामान्यांचा शायर, पण नाटकात तो रंगमंचावर येतच नाही. काकडी विकणाऱ्या एका गरिबाची काकडी खपत नाही, कुणीतरी आपल्या मालावर कविता लिहून द्यावी म्हणून तो बाजारभर फिरतो. शेवटी नझीर लिहून देतो आणि धंदा चालतो. एवढीच गोष्ट. कामं केली जामिया मिलियाच्या विद्यार्थ्यांनी आणि शेजारच्या ओखला गावातल्या लोकांनी. रंगमंचावर अख्खा बाजार भरला.

1955 मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या 'राडा' या नामांकित संस्थेत अभिनय आणि नंतर ब्रिस्टलला दिग्दर्शन शिकले. 'राडा'चा अभ्यास मात्र त्यांनी अर्धवट सोडला. अभिनय बोलीशी बांधलेला असतो, आपल्याला काम करायचं ते आपल्या मुलखात, मग इंग्रजी लकबी घोटून काय करायचं, असा त्यांचा हिशेब होता. नंतर युरोपभर भटकले. ब्रेख्तचं काम बघायला बर्लिनला पोहोचले, तर 1956 मध्ये ब्रेख्त नुकतेच वारले होते. तरी सुमारे आठ महिने तिथे राहून त्यांनी नाटकं पाहिली.

1958 मध्ये परतले ते थेट रायपूरला. शाळेच्या मैदानावर रात्रभर चाललेला नाचा त्यांनी पाहिला आणि त्यातले मोजके कलावंत दिल्लीला घेऊन गेले. मदनलाल, ठाकूरराम, भुलवाराम ही त्यातली नावं. लालूराम नंतर आले. त्यांना घेऊन शूद्रकाचं 'मृच्छकटिक' हिंदीत 'मिट्टी की गाडी' म्हणून केलं. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, पत्नी मोनिका मिश्रा यांच्या साथीने 'नया थिएटर' सुरू झालं.

गाडी अडली ती इथून पुढे. गावात हजारोंना हसवणारे हे कलावंत दिल्लीच्या रंगमंचावर लाकडासारखे उभे राहायचे. ठाकूररामसारखा कसलेला नटही. जवळपास दहा-बारा वर्षं हे चाललं. मग लक्षात आलं की घोटाळा कलावंतांचा नाही, दिग्दर्शकाचा आहे. एक तर त्यांच्या तोंडात हिंदी कोंबली होती. दुसरं म्हणजे इथे वळ, तिथे थांब अशा खुणा आखून दिल्या होत्या. ज्याने तिन्ही बाजूंनी बसलेल्या गावकऱ्यांपुढे मोकळं खेळायचं, त्याला खडूच्या रेघेवर चालायला लावलं होतं. तन्वीर यांनी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. तुमच्या बोलीत बोला, तुमच्या पद्धतीने फिरा, मी फक्त शेवटी आकार देतो, अशी रीत त्यांनी धरली. विलायतेत शिकून आलेल्या माणसाने हे करायचं म्हणजे सोपं नव्हतं. नाव झाल्यावर चूक सुधारणारे दिग्दर्शक थोडेच.

1973 मध्ये रायपूरला नाच्याचं मोठं शिबिर झालं, त्यातून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' आलं. आणि मग 'चरणदास चोर'. मूळ कथा राजस्थानचे विजयदान देथा यांची. एक चोर गुरूपुढे गंमतीत शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू आणखी एक घालतो, खोटं बोलणार नाही. पुढे हे सगळं खरंच समोर येतं आणि शब्द पाळता पाळता चोराचा जीव जातो. भिलाईच्या मैदानात सतनामी समाजापुढे हे नाटक आकाराला आलं, त्यांची पंथी गीतं त्यात मिसळली. 1975 मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर सिनेमा केला. चरणदास झाले लालूराम आणि राणी झाली तेव्हा नवखी असलेली स्मिता पाटील. रंगमंचावर फिदाबाईंची राणी आणि गोविंदराम निर्मलकरांचा चरणदास लोकांनी डोक्यावर घेतला. 1982 मध्ये एडिनबर्गच्या फ्रिंज महोत्सवात या नाटकाने 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळवला.

मानसन्मान बरेच मिळाले. 1972 ते 1978 राज्यसभेचे नियुक्त सदस्य, 1983 मध्ये पद्मश्री, 2002 मध्ये पद्मभूषण. सिनेमा अधूनमधून चालूच होता. ॲटनबरोंच्या 'गांधी'त छोटी भूमिका केली, 'मंगल पांडे'त बहादूरशहा जफर झाले. मराठी प्रेक्षकाला ते आठवतील नाना पाटेकरांच्या 'प्रहार'मधून. गुंडांना हप्ता द्यायला नकार दिल्यामुळे मारल्या गेलेल्या पीटरचा म्हातारा बाप त्यांनी केला होता. सिनेमाच्या पैशाचा आधार नाटकाला होता, कारण वीस-पंचवीस माणसांचा फड सांभाळणं म्हणजे दर महिन्याला पगाराची जुळवाजुळव. सरकारी अनुदान वेळेवर येईलच असं नाही. लोककलावंतांच्या जिवावर मोठे झाले, ही टीकाही त्यांच्यावर झाली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. जाहिरातीत नाव तन्वीर यांचंच मोठं असायचं. पण पन्नास वर्षं त्या माणसांसोबत तालीम आणि प्रवास करणारा दुसरा कुणी झाला नाही, हेही खरं.

नव्वदच्या दशकात दिल्ली सोडून त्यांनी भोपाळला बस्तान हलवलं. कलावंतांचं गाव इथून जवळ. याच काळात 'पोंगा पंडित'वरून वादळ उठलं. मुळात 'जमादारीन' नावाचा हा नाच्याचा जुना प्रहसनाचा खेळ, अस्पृश्यता आणि भोंदूगिरीवर बोट ठेवणारा. गावोगाव वर्षानुवर्षं चालला, कुणाची हरकत नव्हती. 1992 नंतर मात्र प्रयोग उधळणं सुरू झालं. 2003 मध्ये मध्य प्रदेशच्या दौऱ्यात पुन्हा खुर्च्या फेकल्या गेल्या, प्रेक्षकांना हाकललं गेलं. ऐंशीच्या घरातले तन्वीर काठी टेकत रंगमंचावर उभे राहिले आणि प्रयोग करण्यावर अडून बसले.

भोपाळकरांच्या जखमेवरही त्यांनी नाटक केलं. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडमधून सुटलेल्या वायूवर कॅनडातले राहुल वर्मा यांनी लिहिलेलं इंग्रजी नाटक त्यांनी हिंदीत आणलं, 'जहरीली हवा'. छत्तीसगडचे शेतकरी-कलावंत त्यात भोपाळच्या वस्तीतली माणसं झाले.

2005 मध्ये मोनिका गेल्या. तन्वीर उर्दूत आत्मचरित्र लिहीत होते, ते पुरं झालं नाही. 85 व्या वर्षी भोपाळच्या रुग्णालयात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. कन्या नगीन यांनी मंडळी सांभाळली. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 2009 मध्ये, छत्तीसगड सरकारने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी घातली. कारण सांगितलं गेलं सतनामी समाजाच्या भावनांचं, ज्या समाजापुढे हे नाटक पहिल्यांदा खेळलं गेलं होतं त्याच समाजाचं.

गोविंदराम निर्मलकरांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. आजारपणात, 2014 मध्ये तेही गेले.