लुई ब्रेल यांची सहा ठिपक्यांची लिपी

ब्रेल लिपी आपण सगळ्यांनी ऐकलीय, माणूस मात्र फारसा माहीत नसतो.

लुईचा जन्म १८०९ चा, पॅरिसजवळच्या खेड्यातला. वडील घोड्यांची खोगिरं करायचे. तीन वर्षांचा लुई त्यांची आरी घेऊन खेळत होता, ती डोळ्यात घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण अंधार.

दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथल्या पुस्तकांत नेहमीचीच अक्षरं, फक्त मोठी आणि उठावदार. एकेक अक्षर चाचपत ओळ पुरी करायला किती वेळ! डोळसांनी आपल्या हिशेबाने केलेली सोय, असंच आम्हाला वाटतं. बार्बिए नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धत होती, पण बारा ठिपके बोटाखाली मावेनात. लुईने ते सहावर आणले. साल १८२४, वय अवघं पंधरा! एका स्पर्शात अक्षर कळू लागलं.

लहानपणीच दृष्टी गेली तरी मेंदूचा मागचा, पाहण्याचं काम करणारा भाग रिकामा बसत नाही. बोटाने ब्रेल वाचताना तोच भाग कामाला लागतो, हे १९९६ साली मेंदूच्या तपासणीत दिसलं.

लुई पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १८५२ मध्ये क्षयाने गेले. शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.