संसारात राहून शांती : आचार्य श्री शांतिसागर महाराज

विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवसंजीवनी देणारे परमपूज्य चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री 108 शांतिसागर महाराज यांचे त्यागी जीवन सर्वश्रुत आहे. तथापि दीक्षेपूर्वीची त्यांची सुमारे त्रेचाळीस वर्षे घरात, शेतात आणि कापडाच्या दुकानात गेली, याचे स्मरण क्वचितच होते. संसारी श्रावकाला हीच वर्षे अधिक जवळची वाटावीत.

महाराजांचा जन्म 1872 मध्ये येळगूळ या आजोळच्या गावी झाला. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळील भोज हे त्यांचे मूळ गाव. ते आज कर्नाटकातील बेळगावी जिल्ह्यात आहे. पिता भीमगौंडा पाटील, माता सत्यवती. बालपणीचे नाव सातगौंडा. नवव्या वर्षी विवाह झाला आणि काही महिन्यांतच बालवधू निवर्तली. पुढे त्यांनी विवाह केला नाही. तरुणपणीच त्यांना मुनिदीक्षेची ओढ लागली. परंतु आपल्या हयातीत घर सोडू नये, असा मातापित्यांचा आग्रह होता. सातगौंडांनी तो शिरोधार्य मानला. मनाची ओढ एकीकडे आणि कर्तव्य दुसरीकडे असता माणूस चिडतो किंवा कुढतो. त्यांनी मात्र घरालाच साधनेचे स्थान केले.

घरचे कापडाचे दुकान मुख्यत्वे धाकटे बंधू कुमगौंडा सांभाळीत. ते नसताना गिऱ्हाईक आले, तर सातगौंडा त्यालाच कापड मोजून घेण्यास आणि वहीत नोंद करण्यास सांगत, असे भोजची जुनी माणसे सांगत असत. शेतात दाणे टिपणाऱ्या पाखरांना ते हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवीत. व्यवहारात राहूनही लाभहानीची धग मनाला लागू न देण्याचा हा अभ्यास होता.

त्यागही त्यांनी टप्प्याटप्प्याने केला. 1905 मध्ये श्री सम्मेदशिखरजीच्या यात्रेत त्यांनी तूप व तेल आजन्म वर्ज्य केले आणि परतल्यावर एकभुक्त राहू लागले. 1912 मध्ये मातेचे देहावसान झाले. कर्तव्याचे बंधन संपल्यावर 1915 मध्ये आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती महाराजांकडून त्यांनी क्षुल्लकदीक्षा घेतली. 1920 मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली आणि 1924 मध्ये समडोळी येथे आचार्यपद प्राप्त झाले. पुढे दक्षिणेपासून दिल्लीपर्यंत त्यांचा पायी विहार झाला.

14 ऑगस्ट 1955 रोजी श्रीक्षेत्र कुंथलगिरी येथे त्यांनी यमसल्लेखना स्वीकारली. उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, 8 सप्टेंबरला, त्यांनी समाजाला मराठीतून अखेरचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाला आहे. त्यात त्यांनी सामान्य श्रावकालाही पेलेल असा मार्ग दाखविला. दिवसाच्या चोवीस तासांतून सहा घटिका आत्मचिंतन करावे. ते न जमल्यास चार, तेही न जमल्यास दोन, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढीही सवड नसेल, तर दहा-पंधरा मिनिटे, निदान पाच मिनिटे तरी आत्म्याकडे पाहावे, असा त्याचा आशय होता. 18 सप्टेंबर 1955 रोजी प्रातःकाळी त्यांची समाधी झाली.

दुकान, शेत, प्रपंच आणि वृद्ध मातापिता यांच्यात आयुष्याचा अर्धा काळ घालविलेल्या महापुरुषाने मागितलेली ती पाच मिनिटे आहेत. म्हणूनच सवड नाही ही सबब त्यांच्यापुढे टिकत नाही.