उंडेऱ्यास आलेले डॉक्टर हाफकिन

प्लेगच्या इतिहासात आपल्या बडोद्याचेही एक पान आहे. दरबारी गवयाच्या घरातल्या गानशिक्षकाने रोगराईवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण डॉ. वाल्देमार हाफकिन यांचे चरित्र वाचल्यापासून ते पान माझ्या मनातून जात नाही.

हाफकिन १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस केली, १८९२ त ती प्रथम स्वतःस टोचली आणि पुढल्या वर्षी हिंदुस्थान गाठले. १८९६ त मुंबईत प्लेग उद्भवला. पूर्वापार इलाज एकच : उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपडी घालावयाची. सरकारने घरझडत्यांची आणि सक्तीच्या इस्पितळांची भर घातली. तिचा संताप १८९७ त पुण्यात रँडच्या खुनापर्यंत गेला.

हाफकिन मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत जंतू वाढवीत होते. गाईडुकराचे मांस लोकांस वर्ज्य, म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला. वर तुपाचे थेंब सोडीत; त्यांखाली जंतू झुंबराच्या लोलकांसारखे लोंबत. (शाकाहाऱ्यांचे एवढ्याने समाधान झाले असेल असे वाटत नाही.) मग उष्णतेने ते मारावयाचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःसच टोचली.

१८९८ त ते बडोद्याजवळ उंडेऱ्यास आले. गावात प्लेग शिरलाच होता. प्रत्येक कुटुंबातील निम्म्यांस लस दिली, निम्म्यांस नाही. पुढे ज्या २८ कुटुंबांत रोग झाला, तेथे टोचलेल्या ७१ पैकी ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २६. लसीचा गुण याहून स्पष्ट कसा दिसावा? तरी एकाच चुलीवर जेवणारी ती २६ माणसे मला सलतात.

१९०२ त पंजाबात मलकोवाल येथे एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन दूर झाले. बाटली उघडतानाच घाण शिरली असावी, हे पुढे मान्य झाले. रोनाल्ड रॉससारखे लोक त्यांच्यासाठी लढले. १९०७ त त्यांस पुन्हा काम मिळाले, तेही कलकत्त्यास. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ त त्यांचे नाव दिले गेले. १९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारले.