काका बॅप्टिस्टा : आरोपीचे वकील

मुंबईत माझगावच्या टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे बॅप्टिस्टा कोण ते ठाऊक असेल, देव जाणे. आपल्याला बेळगावकरांना तरी ते ठाऊक असायला हवं. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये आपल्याच गावात झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. टिळकांचे सहकारी, कामगारांचे पुढारी, मुंबईचे महापौर अशी त्यांची ओळख पुष्कळ ठिकाणी करून दिलेली असते. मला मात्र त्यांच्या वकिलीबद्दल लिहायचंय, कारण ती वाचताना अटक, झडती, जामीन हे रोज पेपरात दिसणारे शब्द मला पहिल्यांदा नीट कळले.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, माझगावच्या माथारपाखाडीतला. समाज ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई, साष्टी, वसई भागातले जुने कॅथलिक. घराणं मूळचं उत्तनचं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून त्यांनी वनखात्यात नोकरी केली, मग ती सोडून केंब्रिज गाठलं आणि १८९९ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईच्या लॉ कॉलेजात त्यांनी शिकवलंही. लोक त्यांना आपुलकीने काका म्हणायचे.

पहिला मोठा प्रसंग १९०८ चा. २४ जून रोजी टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पाठोपाठ पोलिसांनी त्यांच्या पुण्याच्या घराची झडती घेतली. त्यात एक पोस्टकार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं होती. खटला होता केसरीतल्या लेखांवर, पण सरकारी पक्षाने हे कार्डही पुराव्यात आणलं. सरकारच्या स्फोटकांच्या कायद्यावर लिहायचं म्हणून ती नावं टिपली होती, असं टिळकांचं म्हणणं. झडतीत हाती लागलेला एक साधा कागद माणसावर संशय धरायला कसा वापरला जातो, त्याचं हे ठळक उदाहरण आहे. जामीन मिळाला नाही. सरकारने खास ज्यूरी मागितली तेव्हा बॅप्टिस्टांनी तिला विरोध केला. लेख मराठी, आणि खास ज्यूरीत बसणार बहुतेक गोरे! शेवटी सात युरोपियन आणि दोन पारशी ज्यूरीत बसले, सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं.

दोन वर्षांनी नाशिकचा खटला उभा राहिला. सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनला पकडलं होतं. बोटीने हिंदुस्थानात आणताना ८ जुलैला त्यांनी मार्सेच्या बंदरात उडी घेतली, किनारा गाठला, पण तिथल्या फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. मुंबईला तीन न्यायाधीशांचं खास न्यायासन बसलं. तिथे ना ज्यूरी, ना अपील. बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. फ्रान्सच्या भूमीवर केलेली ही अटकच बेकायदा आहे, मग या कोर्टाला खटला चालवायचा अधिकार कसा, हा बचावाचा मुद्दा होता. कोर्टाने तो मानला नाही. आरोपी आमच्यासमोर हजर आहे, त्याला कसं आणलं हे आम्हाला बघायचं नाही, असा निकालाचा सूर होता. सावरकरांना जन्मठेप झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये हेगच्या लवादानेही अटकेत गैर घडल्याचं मान्य केलं, पण सावरकरांना परत द्यायची गरज नाही असं ठरवलं. मला इथे थांबावंसं वाटतं. अटक चुकली हे कबूल, आणि तरी आरोपीच्या पदरात काहीच नाही. मग तो नियम कोणासाठी होता?

१९१६ चा खटला तर आपल्या बेळगावचाच. १ मे रोजी टिळकांनी इथे स्वराज्यावर भाषण केलं, नंतर अहमदनगरला दोन. जुलैत, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास, सरकारने चांगल्या वर्तनाची हमी मागितली : वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे जीनांच्या बरोबरीने बॅप्टिस्टाही उभे राहिले. तिथे हरले, पण नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. भाषणं तुकड्या-तुकड्यांनी न वाचता सबंध वाचली पाहिजेत, हे तिथे मानलं गेलं.

पुढे काका पोस्टमन आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत रमले, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले आणि १९३० च्या सप्टेंबरमध्ये गेले.

या तीन मोठ्या खटल्यांपैकी दोन ते हरले. मग त्यांचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारेल. मला वाटतं, त्यांच्यासारखे वकील उभे राहिले म्हणून सरकारला काय केलं आणि कुठल्या अधिकाराने केलं ते कोर्टात सांगावं तरी लागलं. नियम तेव्हाही कागदावर होतेच. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं, झडतीला दोन प्रतिष्ठित पंच हजर ठेवणं, हे १८९८ च्या फौजदारी कायद्यातही होतं. पण विचारणारा कुणी नसला की कायदा पुस्तकातच राहतो.

आज संविधानाचं कलम २२ अटकेचं कारण सांगायला लावतं, आपल्या पसंतीचा वकील देतं आणि चोवीस तासांची मर्यादा घालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करणं बंधनकारक आहे. तरीही आपल्या ओळखीतला कुणी पोलीस चौकीवर बसवला गेला, की आपल्यातले पुष्कळ जण आधी म्हणतात, काहीतरी केलं असेलच ना! आणि वकील बोलावला की म्हणतात, मग नक्कीच काहीतरी लपवतोय. बॅप्टिस्टांनी ज्यांची वकीलपत्रं घेतली, त्यांच्याबद्दलही सरकारदरबारी असंच बोललं जात असणार. त्यांनी ती घेतली. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायचा, अटकेचं कारण विचारायचं आणि घरच्यांना वकिलाचा नंबर द्यायचा, एवढं तरी आपल्या प्रत्येकाला यायला हवं.