काळोखातही विश्वास धरणारी संत तेरेजा



हाती क्रूस आणि गुलाबपुष्पे घेतलेली संत तेरेजा आपल्या ओळखीची आहे. तिच्या विश्वासाची कसोटी मात्र अनेकांना ठाऊक नसते.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समध्ये झाला. १८८८ साली, वयाच्या १५ व्या वर्षी, तिने लिझ्यू येथील कार्मेल मठात प्रवेश केला. तिथे तिच्या हातून जगाच्या नजरेत भरेल असे काही घडले नाही. कपडे धुताना एक भगिनी नकळत मळके पाणी तिच्या तोंडावर उडवी. तेरेजा ते मुकाट्याने सोसत असे. एका कुरकुऱ्या वृद्ध भगिनीला ती रोज संध्याकाळी आधार देऊन भोजनगृहात नेई. जिचा स्वभाव मुळीच रुचत नसे, तिच्याशी ती अधिकच प्रेमाने वागे.

१८९६ च्या पवित्र गुरुवारी रात्री तिच्या तोंडातून रक्त आले. तो क्षयरोग होता. त्याच ईस्टरच्या काळात तिच्या मनात काळोख दाटला. स्वर्ग खरोखर आहे का, ही शंका तिला अखेरपर्यंत छळत राहिली. तरी तिने प्रार्थना सोडली नाही आणि सेवाही सोडली नाही. विश्वासांगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी जपला. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, २४ व्या वर्षी, ती देवाघरी गेली. १९२५ साली ती संत म्हणून घोषित झाली.

रोजरी करताना आपलेही मन कधी कोरडे असते. म्हणून आपला विश्वास आटला असे समजू नये. त्या दिवशीही रोजरी पूर्ण करावी आणि अबोला धरलेल्या शेजाऱ्याशी आपण होऊन बोलावे. तेरेजाचा विश्वास अशाच कृतींनी टिकला.