मराठवाड्याच्या डोंगरांतली ऊन-सावली काचेवर पकडणारा इंजिनिअर : राजा दीनदयाळ

माहूरच्या गडावर सकाळी मोबाईल काढला की दोनपैकी एक गोष्ट होते. आभाळ नीट आलं तर दरी काळीकुट्ट येते, आणि दरी नीट आली तर आभाळ पांढरंफटक. उदगीरचा किल्ला असो की खरोशाची लेणी, तिथंही तीच बोंब. मग एचडीआर चालू करायचं, सावल्या थोड्या उजळायच्या आणि फोटो स्टेटसला टाकायचा. विषय संपला.

पण नांदेड, लातूर, औरंगाबाद हा सगळा मुलुख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा या संस्थानात एक माणूस लाकडी कॅमेरा आणि काचांच्या जड पेट्या घेऊन डोंगर, किल्ले, लेणी टिपत फिरायचा. त्याच्याकडे ना एचडीआर होतं, ना उजेड मोजायचं यंत्र. तरी त्याच्या फोटोत दगडाची नक्षीही दिसते आणि सावलीची खोलीही.

त्यांचं नाव लाला दीनदयाळ. पुढे झाले राजा दीनदयाळ.

जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. घर जैन जवाहिऱ्यांचं. पण पोरगं दागिन्यांकडे न जाता रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेलं. 1866 मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली. काम काय, तर इमारतींचे नकाशे काढायचे आणि खर्चाचे अंदाज बांधायचे. थोडक्यात, भिंत सरळ आहे की तिरकी हे बघायची सवय कॅमेरा हातात यायच्या आधीच लागली होती. त्यांच्या फोटोंतले खांब आणि मनोरे कधी कलंडलेले दिसत नाहीत, त्याचं मूळ इथं आहे.

फोटोग्राफीचा नाद लागला 1870 च्या दशकात. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी पाठबळ दिलं, इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनीही उचलून धरलं. त्यानंतर सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातली देवळं, किल्ले टिपत फिरणं झालं. त्यातून 1886 मध्ये ग्रिफिन यांचं मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं पुस्तक आलं. त्यात दीनदयाळांचे 89 फोटो होते.

आता चांगली सरकारी नोकरी होती. पण गड्याने ती सोडली. त्या काळात फोटोवर पोट भरायचं म्हणजे जुगारच. कॅमेरा, काचा, रसायनं, सगळं महाग आणि गिऱ्हाईक म्हणजे फक्त राजे आणि साहेब. हा जुगार लागला तो हैदराबादेत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1885 मध्ये त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि सिकंदराबादला स्टुडिओ थाटला गेला.

दरबारी फोटोग्राफर म्हटलं की डोळ्यांसमोर मेजवान्या, शिकारी आणि हत्ती येतात. ते सगळं त्यांनी टिपलंच. पण निजामाला आपलं संस्थानही फोटोत हवं होतं. त्यामुळे गोवळकोंडा, बिदर, वारंगळच्या जोडीला मराठवाड्यातलं दौलताबाद आणि वेरूळही आलं. खरी परीक्षा इथं होती.

का? कारण त्या काळच्या काचेला माणसासारखं दिसायचं नाही. काचेवर लावलेल्या रसायनाला निळा रंग झटकन दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे निळं आभाळ फोटोत पांढरं व्हायचं. लांबच्या डोंगरावर निळसर धुकट असतं, ते तर आणखीच गडद होऊन डोंगर पुसट व्हायचा. उलट तांबडी माती आणि काळा कातळ काळ्यात बुडायचे. म्हणजे मराठवाड्याचा डोंगर हे त्या काचेसाठी सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. कातळासाठी जास्त वेळ उजेड द्यावा तर आभाळ जळणार, आणि आभाळ सांभाळावं तर कातळाचा कोळसा होणार.

यावर पहिला इलाज घड्याळ होता.

वेरूळचं कैलास लेणं घ्या. डोंगराच्या उतारात वरून खाली खोदत नेलेलं, मागचा कडा 30 मीटरहून उंच. लेण्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे, त्यामुळे अंगण सावलीत. भर दुपारी ऊन डोक्यावर, तेव्हा वरचे काठ चकाकतात आणि खालच्या ओवऱ्या अंधारात जातात. ऊन पश्चिमेला कललं की मगच ते तिरपं आत शिरतं आणि मूर्तीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत राहते. दगड गोल आहे हे फोटोत कळतं ते या दुसऱ्या बाजूमुळे. दौलताबादचंही तसंच. तिथला डोंगर खालच्या अंगाला उभा तासलेला आहे. ऊन समोरून आलं तर कडा सपाट पत्र्यासारखा दिसतो, बाजूने आलं तर त्याचा उभा तुटलेपणा दिसतो.

दुसरा इलाज कागदावर व्हायचा आणि हा भाग भारी आहे. तेव्हा फोटो छापायचे ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर. काचेखाली कागद दाबून चौकट सरळ उन्हात ठेवायची. सावलीचा भाग आधी काळा पडायचा. पण तो काळा पडला की तो थरच खालच्या कागदाला झाकायचा आणि तिथलं काळं होणं मंदावायचं. तोवर उजळ दगड आणि आभाळाला हळूहळू रंग चढायला वेळ मिळायचा. सावली स्वतःवरच छत्री धरायची म्हणा ना. आजचं एचडीआर जे काम गणित करून साधतं, ते हा कागद आपोआप, थोडंफार का होईना, साधायचा. चौकट उन्हातून कधी उचलायची, हे मात्र माणसाच्या नजरेवर होतं.

किताब पाठोपाठ आले. राणी व्हिक्टोरियाची सनद, 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कौतुक आणि 1894 मध्ये निजामाकडून राजा बहादूर मुसव्विर जंग. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला. तिथं फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली होती. 1896 मध्ये मुंबईतही स्टुडिओ सुरू झाला.

मग आला 1899-1900 चा दुष्काळ. मराठवाडा होरपळून निघाला. औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांचे फोटो काढायचं कामही याच स्टुडिओकडे आलं. ते फोटो संस्थान रयतेसाठी काय करतंय हे दाखवायला होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्या कॅमेऱ्याने राजवाड्यातली झुंबरं टिपली, त्यानेच ही माणसंही टिपली. दोन्ही अल्बम शेजारी ठेवले की आधी नजर कुठं जाते, हे ज्यानं त्यानं बघावं.

1904 मध्ये धरमचंद हा मुलगा गेला. वर्षभरातच, जुलै 1905 मध्ये दीनदयाळांनी मुंबईत डोळे मिटले. दुसरा मुलगा ग्यानचंद याने धंदा पुढे चालवला, पण आधीची ऐट परत आली नाही.

त्यांच्या 2857 काचा 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. आणि कैलास लेण्यात ऊन आजही दुपार कलल्यावरच शिरतं.